फॉल सिलिंगच्या वरच्या वायरी नेमक्या कशावर टांगायच्या?

स्लॅबखाली
जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावर १८०० चौरस फुटांच्या ऑफिसचं काम चालू आहे. स्लॅब ११ फुटांवर, सिलिंग ९ फुटांवर, म्हणजे मध्ये ६० सेंटिमीटरची पोकळी. दोन फूट बाय दोन फुटांचं ग्रिड (टाइल्स ज्यावर टेकतात त्या पट्ट्यांची जाळी) लागून झालंय, टाइल्स अजून घातलेल्या नाहीत. वायरमनने डीबीपासून (वीज वाटणारी पेटी) निघणाऱ्या सगळ्या वायरी ग्रिडच्या पट्ट्यांवर मोकळ्या टाकल्यात आणि ग्रिडच्या टांगत्या तारांना प्लॅस्टिकच्या टायने बांधल्यात. त्याचं म्हणणं, सगळीकडे असंच असतं, वर कोण बघतंय.
हे चालतं का? चालत नसेल तर योग्य पद्धत कोणती, आणि सामान किती लागेल? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

होटगी_रोड
चालत नाही. टाइल्स घालायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. आत्ता दोन-तीन दिवसांचं काम आहे, टाइल्स बसल्यावर तेच आठवड्यावर जाईल.
वायरीचा भार इमारतीवर जायला हवा. स्लॅब, बीम, भिंत, यांपैकी कशावरही जाऊ दे, पण सिलिंगवर नको. ग्रिडच्या तारा आणि पट्ट्या टाइल्सचं वजन धरून बसवलेल्या असतात. अमेरिकेच्या वायरिंग कोडमध्ये तर हे स्पष्ट लिहिलंय: सिलिंगच्या टांगत्या तारा वायरिंगला आधार म्हणून वापरायच्या नाहीत. वायरिंगसाठी वेगळ्या तारा सोडायच्या, आणि आगरोधक सिलिंग असेल तिथे त्या रंगाने किंवा टॅगने ओळखू यायला हव्यात.

पेठेतला_वायरमन
थोडं वेगळं मत मांडतो. २.५ चौरस मिलिमीटरची एक वायर मीटरला तेहतीस-चौतीस ग्रॅम. एका सर्किटच्या तीन वायरी धरल्या तरी शंभर ग्रॅम. एवढ्याने ग्रिड खाली येत नाही ओ. ट्रे, रॉड, फास्टनर असा खर्च छोट्या ऑफिसवाल्याच्या माथी मारण्यात काय अर्थ?

होटगी_रोड
@पेठेतला_वायरमन, एका सर्किटपुरतं तुमचं गणित बरोबर आहे. पण डीबीजवळ अठरा सर्किटं एकत्र निघतात. तिथे मीटरला १.८ किलो झाले. मिनरल फायबरची टाइल चौरस मीटरला साधारण साडेतीन किलो. मेन टी (ग्रिडची मुख्य पट्टी) दर १२० सेंटिमीटरवर असेल तर तिच्यावर मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास टाइलचा भार येतो. त्यावर हे १.८ टाकले की त्या एका टीवर भार जवळपास दीडपट. ग्रिड लगेच पडणार नाही, पण तेवढ्या पट्ट्यात वाकेल, आणि मग टाइलच्या कडेला उजेडाची फट दिसायला लागते.
आणि वजन हे मला दुय्यम कारण वाटतं. टी-पट्टीची उभी कड कापलेल्या पत्र्याची असते. एसीवाला चढला आणि त्याने वायर बाजूला ओढली की वायर त्या कडेवरून घासत जाते. इन्सुलेशनवर आधी नखाने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटते. दोन-चार वेळा ओढाओढ झाली की त्याच रेघेत तांबं दिसतं, आणि सगळं ग्रिड लाइव्ह होतं. ग्रिडला सहसा अर्थिंग नसतं, त्यामुळे एमसीबी पडत नाही. पुढचा माणूस टाइल उचलायला हात घालतो तेव्हा कळतं.

अर्थिंग_आधी
वरच्या शेवटच्या चार ओळी प्रत्येक सिलिंगवाल्याला वाचायला द्याव्यात.
डीबीत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती प्रवाह ओळखून सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर लाइव्ह ग्रिडला हात लागला तरी क्षणात सप्लाय तुटतो. पण आरसीसीबी आहे म्हणून वायर कडेवर टाका असा त्याचा अर्थ नाही.

पार्क_चौक
आगीच्या बाजूनेही बघा. इंग्लंडमध्ये २०१० साली साउदॅम्प्टनच्या शर्ली टॉवर्स या इमारतीला आग लागली, तिथे दोन अग्निशमन जवान गेले. वायरी प्लॅस्टिकच्या ट्रंकिंगमध्ये होत्या. उष्णतेने ट्रंकिंग मऊ पडलं, वायरी खाली लोंबल्या आणि धुरात वाट काढणारे जवान त्यांत अडकले. २००५ साली स्टीव्हनेजच्या हॅरो कोर्टमध्येही लोंबत्या वायरींचा असाच प्रश्न आला होता. त्यानंतर तिथल्या वायरिंग नियमांत २०१५ च्या दुरुस्तीने बाहेर पडण्याच्या वाटांवर आणि २०१८ च्या आवृत्तीने सगळीकडेच अट आली: आगीत आधार लवकर गळून वायर खाली येता कामा नये.
यासाठी सगळंच लोखंडी करायची गरज नाही. प्लॅस्टिकचे सॅडल (पाइप किंवा वायर धरणारे क्लँप), प्लॅस्टिकचे टाय वापरा, पण ठरावीक अंतरावर धातूचा क्लिप किंवा स्टीलचा टाय द्या, म्हणजे प्लॅस्टिक वितळलं तरी वायर डोक्याच्या उंचीपर्यंत येणार नाही. आणि तो धातूचा क्लिप नायलॉनच्या गिट्टीत (स्क्रूसाठी भोकात घालायच्या खुंटीत) बसवू नका, कारण गिट्टीही वितळतेच. धातूचा अँकर हवा.

स्लॅबखाली
खूप उपयोगी माहिती. आता पद्धत सांगा: ट्रे, लोखंडी पाइप की पीव्हीसी पाइप?

होटगी_रोड
मधल्या पॅसेजमधून एक पर्फोरेटेड जीआय ट्रे (भोकं असलेला गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा ट्रे), १५० बाय ५० मिलिमीटर, जाडी १.६ मिलिमीटर. ट्रेवरून प्रत्येक केबिनकडे पाइप. पाइपच्या शेवटी जंक्शन बॉक्स, तो स्लॅबला स्क्रूने पक्का. बॉक्समधून लाइटपर्यंत फ्लेक्झिबल पाइप, एक-सव्वा मीटरपेक्षा लांब नको.
एक बघा, ट्रेमध्ये सुट्या सिंगल कोअर वायरी टाकू नका. ट्रेमध्ये वरून आवरण असलेली मल्टिकोअर केबल घ्या. सुट्या वायरीच घ्यायच्या असतील तर डीबीपासूनच पाइप करा किंवा झाकणाचं जीआय ट्रंकिंग घ्या.
आधाराचं अंतर: ट्रेला १.२ मीटर, फार तर दीड. लोखंडी पाइपला सॅडल जास्तीत जास्त १ मीटरवर, पीव्हीसीला ६० सेंटिमीटरवर. बेंड, कपलर, बॉक्सच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटरच्या आत एक-एक सॅडल. हा बेंडजवळचा सॅडल सगळ्यांत जास्त वेळा चुकवला जातो, आणि वायर ओढताना पाइप नेमका तिथेच निखळतो. पाइपच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ४० टक्क्यांच्या वर वायर भरू नका.

अर्थिंग_आधी
ट्रे धातूचा आहे तर प्रत्येक जोडावर तांब्याची पट्टी किंवा हिरव्या वायरीचा जंपर द्या. जोडपट्टीच्या नटबोल्टवर विसंबू नका, पावडर कोटिंगचा ट्रे असेल तर मुळीच नको, कारण रंगामुळे धातूला धातू लागत नाही. जंपरखाली स्टार वॉशर घाला, त्याचे दात रंग कोरतात. शेवटी ट्रेच्या दूरच्या टोकापासून डीबीच्या अर्थ बारपर्यंत कंटिन्युइटी (जोड अखंड आहे का ते) मोजा.
ट्रे ग्राइंडरने कापला असेल तर कापलेल्या कडेला झिंक पेंट आणि वर रबरी पट्टी.

पेठेतला_वायरमन
लोखंडी पाइप एवढ्याशा ऑफिसला कोण करतंय? थ्रेड पाडणारा माणूससुद्धा आता शोधावा लागतो. आयएस ९५३७ चा मीडियम किंवा हेवी पीव्हीसी पाइप, एफआरएलएस वायर (सहज न पेटणारी, कमी धूर करणारी), सॅडल नीट, एवढं केलं तरी काम चांगलं होतं. लाइट गेजचा पाइप मात्र सिलिंगच्या वर कुणी वापरू नये.

भर_उन्हात
एक मूळ प्रश्न राहिला. वर अजून मजला आहे की थेट गच्ची?

स्लॅबखाली
थेट गच्ची. वॉटरप्रूफिंग आहे, उष्णतेचं काही केलेलं नाही.

भर_उन्हात
मग सोलापूरचा उन्हाळा हिशेबात घ्यावाच लागेल. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंशांपर्यंत जातं. दुपारी तापलेल्या गच्चीखालच्या बंद पोकळीत ५० सहज होतं, कारण एसीची थंड हवा टाइलच्या खालीच राहते. आपल्याकडच्या केबलचे अँपिअर ४० अंश धरून दिलेले असतात. ७० अंशांची पीव्हीसी वायर ५० अंशांत त्याच्या ०.८२ पटच प्रवाह वाहू शकते. ५५ अंशांत ०.७१ पट.
त्यात गठ्ठा. सहा सर्किटं एकत्र बांधली आणि सहाही पूर्ण भारावर असतील तर आणखी ०.५७ ने गुणायचं. म्हणजे कागदावर २० अँपिअरची वायर: २० गुणिले ०.८२ गुणिले ०.५७, हाती आले ९.३ अँपिअर. एमसीबी मात्र २० चा. वायर भाजत राहते आणि एमसीबीला त्याचा पत्ताच नसतो.
उपाय महाग नाहीत. एसीच्या सर्किटला ४ ची वायर घ्या, गठ्ठे सुटे करा, ट्रेमध्ये केबल एकावर एक न रचता शेजारी-शेजारी एकाच थरात मांडा. टाइलवर ग्लासवूल टाकणार असाल तर वायर ग्लासवूलच्या वरून, हवेतून जाऊ द्या. ग्लासवूलमध्ये पूर्ण गाडलेल्या वायरीची क्षमता निम्म्यावर येते. ग्रिडवर मोकळ्या टाकलेल्या वायरी नेमक्या ग्लासवूलखाली जातात, म्हणूनही त्या वर टांगायच्या.

भर_उन्हात
आणखी एक, पीव्हीसी पाइपबद्दल. तीन मीटरचा पाइप ३० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिलिमीटर लांबतो. जानेवारीच्या पहाटे बसवलेला, दोन्ही टोकांना सोल्युशनने चिकटवलेला पाइप मेमध्ये धनुष्यासारखा वाकतो, नाहीतर सॅडलचा स्क्रू उपटतो. लांब सरळ लाइनमध्ये अधूनमधून एक कपलर असा ठेवा की सोल्युशन एकाच बाजूला असेल आणि दुसऱ्या बाजूला पाइप सरकायला जागा राहील.

चाटी_गल्ली
जुन्या पेठांतल्या इमारतींबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. नवी पेठ, चाटी गल्ली, टिळक चौक भागात कितीतरी ऑफिसं लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशीच्या छताखाली आहेत. आरसीसी स्लॅब नाहीच. तिथे फरशीला हॅमर ड्रिल लावला की फरशी थरांत सुटते, वरची माती गळायला लागते, आणि अँकर फरशीत धरत नाही तो नाहीच.
तिथे गर्डरला बीम क्लँप लावा. गर्डरच्या खालच्या पट्टीला बाजूने पकडून स्क्रूने आवळायचा, खाली एम८ चा (८ मिलिमीटर, आटे असलेला) रॉड लटकतो. भोक नाही, वेल्डिंग नाही. गर्डरमधलं अंतर जास्त असेल तर दोन गर्डरवर आडवा स्लॉटेड चॅनल टाका आणि त्याला मधले रॉड. क्लँप लावायच्या आधी गर्डरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा. गंजाच्या पापुद्र्यावर आवळलेला क्लँप पापुद्रा सुटला की सैल पडतो.

कुडल_संगम
@चाटी_गल्ली, फार मोलाचं लिहिलंत. गर्डरला वेल्डिंग करून हुक लावणारे दिसतात, म्हणून विचारते, ते का नको?

चाटी_गल्ली
ताई, जुन्या गर्डरवर वर्षानुवर्षांचा भार आहे, शिवाय गंजून पट्टी पातळ झालेली असते. भाराखालचा पोलादी भाग तापवला की तेवढा वेळ त्याची ताकद उतरते. वरच्या बाजूला जुनं लाकूड असेल तर ठिणगीचं भय वेगळंच. क्लँप लावायला दहा मिनिटं लागतात आणि नको झाला तर काढताही येतो.

स्लॅबखाली
माझा आरसीसी स्लॅब आहे, खालून प्लॅस्टर आहे. ड्रॉप-इन अँकर (भोकात घालून ठोकल्यावर आत फुगणारी धातूची नळी) मारायचे असं ठरतंय. त्यात काय सांभाळायचं?

होटगी_रोड
हे नीट वाचा, कारण सगळं काम या भोकावर लटकणार आहे.
एम८ च्या ड्रॉप-इनला १० मिलिमीटरचं भोक, खोली ३० मिलिमीटर. ही ३० मिलिमीटर काँक्रीटमध्ये मोजायची. प्लॅस्टर १२ मिलिमीटर असेल आणि तुम्ही प्लॅस्टरच्या पृष्ठभागापासून ३० मोजले तर काँक्रीटमध्ये फक्त १८ मिलिमीटर बसले, बाकीचं प्लॅस्टरमध्ये. म्हणून रॉड येणार तिथे चार-पाच सेंटिमीटरचं प्लॅस्टर टोचून काढा, काँक्रीट उघडं करा आणि मगच ड्रिल. ड्रिल बिटवर ३० ला टेप गुंडाळा. भोक जास्त खोल गेलं तर अँकर आत सरकतो, त्याची कड काँक्रीटच्या पातळीत राहत नाही.
मग भोकातली भुकटी फुंकपंपाने काढा. वर तोंड करून फुंकायचं म्हणून हे टाळलं जातं. गॉगल घाला आणि काढाच. भुकटी राहिली तर अँकर फुगतो तो भुकटीवर.
शेवटी सेटिंग टूल. साधा खिळा किंवा जुना बोल्ट घालून ठोकू नका. टूलची बारीक काडी आत जाऊन अँकरमधला शंकू वर ढकलते, आणि टूलचा खांदा अँकरच्या कडेला टेकला की समजायचं पूर्ण फुगला. खांदा टेकायच्या आधी थांबलात तर हाताने ओढून पक्का वाटतो, पण काही महिन्यांनी रॉडसकट हळूहळू खाली सरकतो.
भोक पाडताना सळई लागली तर सळई कापू नका. थोडं बाजूला नवं भोक घ्या, जुनं मसाल्याने भरा.

पार्क_चौक
यात एक भर. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) असेल तर स्कॅन केल्याशिवाय एकही भोक नाही. मोठे स्पॅन, कमी बीम आणि अलीकडचं बांधकाम दिसलं की बिल्डरकडून स्लॅबचा नकाशा मागा. ताणलेली केबल ड्रिलने तुटली तर जिवावर बेतू शकतं.

नेटवर्क_वाला
डेटा केबल विसरू नका. कॅट ६ पॉवरच्या ट्रेमध्ये टाकायची नाही. वेगळे जे-हुक (J आकाराचे हुक), १.२ ते १.५ मीटरवर. पॉवरच्या समांतर जायची वेळ आली तर दीड-दोन वीत अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात. नायलॉन टायने करकचून आवळलं की आतल्या जोड्या चेपतात आणि टेस्टर फेल दाखवू शकतो. वेलक्रो पट्टी घ्या, खाली बोट सरकेल इतकीच घट्ट. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा लहान नको.

अक्कलकोट_रोड
यंत्रमागाच्या कारखान्यावर किंवा शेजारी ऑफिस असेल तर दोन गोष्टी. माग चालू असताना स्लॅबला सतत बारीक हादरा असतो, त्याने एकेरी नट सुटत जातो. म्हणून रॉडला अँकरच्या खाली एक लॉक नट, ट्रेखालच्या आडव्या चॅनलच्या वर एक आणि खाली एक. दुसरं म्हणजे सुताची धूळ. पर्फोरेटेड ट्रेमध्ये ती केबलवर गादीसारखी बसते. केबलची उष्णता आत कोंडते आणि ठिणगी पडली तर तीच आधी पेटते. तिथे ट्रेवर झाकण द्या किंवा सरळ पाइप करा.

कुडल_संगम
आणि उंदीर! भिंतीत पाइपसाठी पाडलेलं भोक मोकळं राहिलं की उंदीर त्यातून सिलिंगवर येतात. भोकात स्टील वूल कोंबून वरून मसाला.

पार्क_चौक
त्यात एकच दुरुस्ती. जी भिंत आगरोधक आहे, म्हणजे जिन्याची, डक्टची किंवा शेजारच्या ऑफिसची, तिथे फायरस्टॉप सीलंट वापरा. घरगुती पिवळा फोम वापरू नका, तो पेटतो.

स्लॅबखाली
सगळं वाचून यादी केली. पॅसेज १२ मीटर. ट्रे २.५ मीटरचे ५ नग. आधार १.२ मीटरवर म्हणजे १० गाळे (दोन आधारांमधली अंतरं), ११ आधार. एम८ अँकर ११, एम८ रॉड १ मीटरचे ११, नट ३३, वॉशर २२. बरोबर?

पेठेतला_वायरमन
आधार ११ बरोबर, पण प्रत्येक आधार म्हणजे ट्रेच्या खालून आडवा चॅनल आणि त्याच्या दोन टोकांना दोन रॉड. म्हणजे अँकर २२. चार-पाच जास्तीचे आणा, कारण सळई लागून भोकं वाया जातातच. रॉड प्रत्येकी ४५ सेंटिमीटर धरला तर १ मीटरच्या एका रॉडमधून दोन निघतात, म्हणून रॉड ११ बरोबर. नट प्रत्येक रॉडला तीन, म्हणजे ६६. चौकोनी वॉशर प्रत्येक रॉडला दोन, म्हणजे ४४. चॅनल ३० सेंटिमीटरचे ११ तुकडे, एकूण ३.३ मीटर. ट्रेचे चार जोड, प्रत्येकाला दोन जोडपट्ट्या, म्हणजे ८, आणि जंपर ४.
ट्रेचा जोड बरोबर दोन आधारांच्या मध्यावर येऊ देऊ नका. आधाराजवळ, गाळ्याच्या पाव अंतरावर आला तर ट्रे वाकत नाही. रॉड कापायच्या आधी त्यावर एक नट चढवून ठेवा आणि कापून झाल्यावर तो उलटा काढा, बिघडलेला थ्रेड आपोआप साफ होतो.

होटगी_रोड
आता आमचं एकमत झालं. एक राहिलं: दोन बाय दोनचे एलईडी पॅनल नुसते ग्रिडवर ठेवू नका. प्रत्येक पॅनलला समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून स्लॅबपर्यंत वेगळी तार द्या, किंचित ढिली. टाइल किंवा ग्रिड सरकलं तरी पॅनल टेबलावर पडणार नाही.

स्लॅबखाली
उद्या सामान आणतो. ग्रिडला आधीच बांधलेल्या वायरी सोडवायच्या आहेत. त्याच परत वापरल्या तर चालतील?

अर्थिंग_आधी
पाइपमधून जाणार असतील तर चालतील, पण आधी प्रत्येक वायर टी-पट्टीला टेकत होती त्या जागेवरून बोट फिरवा. चीर किंवा खोबण लागली तर ती वायर बाद, तिथे टेप नको. प्लॅस्टिकचा टाय कटरने कापताना कटरची धार वायरीकडे नको, टायचं डोकं धरून पिरगाळलं की तो तुटतो. ओढून झाल्यावर, लाइट आणि एसी जोडायच्या आधी, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तपासा. १ मेगाओहमच्या खाली कुठेही आलं तर ती लाइन परत उघडा. नव्या वायरीला आकडा याच्या कितीतरी वर यायला हवा.

कुडल_संगम
आणि टाइल्स घालायच्या आधी प्रत्येक गाळ्याचे फोटो काढून ठेवा, मोजपट्टी भिंतीला लावून. जंक्शन बॉक्स ज्या टाइलच्या वरच्या जागेत आहे तिच्या कोपऱ्याला वरच्या बाजूने मार्करने खूण करा.

स्लॅबखाली
खालच्या बाजूने एक बारीक ठिपकाही देतो, म्हणजे कोणती टाइल उचलायची ते शिडी लावायच्या आधीच कळेल. काम झालं की इथेच फोटो टाकतो.